सड्यावर आपलं अक्षर



गेल्या दिवाळी अंकात मी या सदरात जांभ्या दगडाबद्दल लिहिलं, तेव्हा 'सर, पुढच्या वेळी जरा सणासुदीचं काही लिहा' असा प्रेमळ निरोप मला तीन वेगवेगळ्या घरांतून आला. निरोप पोचला. पण यंदाही मी दगडावरच लिहिणार आहे. या वेळी दोष माझा नाही, आपल्या मंडळाचा आहे.

मंडळाला पन्नास वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त काय करावं अशी विचारणा झाली तेव्हा आपल्या काही तरुण सभासदांनी एक अर्ज दिला. इल्कली मूरवरच्या एखाद्या मोठ्या शिळेवर देवनागरीत एक ओळ कोरून घ्यावी, अशी त्यांची कल्पना आहे. अर्ज नीट लिहिलेला आहे. खर्चाचा अंदाज आहे, परवानगी कुणाकुणाची लागेल याची यादी आहे. 'पोरांचं खूळ' म्हणून तो फायलीत ढकलता येणार नाही. वार्षिक सभेत तो तुमच्यापुढे येईल आणि तुम्हाला हात वर करावा लागेल. कार्यकारिणीने मला सांगितलं, तुम्ही जन्मभर भूशास्त्र शिकवलंत, तुम्ही याची दुसरी बाजू मांडा. मी म्हटलं, दुसरी बाजू कशाला, जेवढ्या दिसतील तेवढ्या मांडतो.

आधी त्या अर्जातलं मला सगळ्यात लागलेलं वाक्य सांगतो. त्यांनी इंग्रजीत लिहिलंय, मी मराठीत सांगतो. आमचा जन्म इथला आहे, या देशाच्या प्रत्येक चर्चच्या फरशीवर, प्रत्येक बागेतल्या बाकावर कुणाचं ना कुणाचं नाव कोरलेलं आम्ही लहानपणापासून वाचत आलो, पण ज्या डोंगरांवर आम्ही वाढलो त्यांच्यावर आमच्या आईवडिलांच्या लिपीतलं एकही अक्षर नाही. हे वाक्य वाचून मी चहा गार होईपर्यंत बसून राहिलो. आपण पहिल्या पिढीचे लोक इथे आलो तेव्हा आपली धडपड उलटी होती. आपली खूण कुठे दिसू नये, शेजाऱ्याला फोडणीचा वास जाऊ नये, यातच आपली पहिली दहा वर्षं गेली. खूण उमटवावी असं वाटणं हे ही जागा आपली वाटू लागल्याचं लक्षण आहे. म्हणून प्रश्न गंभीरपणे घ्यायला हवा.

आता जागा. इल्कली मूर ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी रत्नागिरीचा सडा डोळ्यांपुढे आणावा. उघडं, वाऱ्याचं, वरून सपाट पठार. झाड नावाला. आपल्याकडे गवत, इथे हेदर आणि ब्रॅकन. दगड मात्र वेगळा. कोकणातला जांभा हा मुळात बेसॉल्टचा. दख्खनच्या लाव्ह्याचे थर लाखो वर्षांच्या ऊनपावसात कुजून, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहून तो तयार झाला. जमिनीत असतो तोवर मऊ, हवा लागली की कडक होतो, म्हणून तर चिरे काढता येतात. इल्कलीचा मिलस्टोन ग्रिट हा त्याहून कितीतरी जुना, सुमारे 32 कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी आणून टाकलेली जाडी वाळू. नावाप्रमाणे त्याची जाती व्हायची. म्हणजे एक दगड घरं बांधायला निघाला आणि दुसरा पीठ दळायला. आणि दोन्हीकडे माणसाने, कुणी सांगितलं नसताना, त्यावर चित्रं काढली.

इल्कली आणि त्याच्या भोवतालच्या रॉम्बल्ड्स मूरवर शेकडो कोरलेले दगड आहेत. वाटीसारखे खळगे आणि त्यांच्याभोवती एकात एक वर्तुळं. चारपाच हजार वर्षांपूर्वीची, नवाश्मयुगाच्या शेवटापासून कांस्ययुगाच्या सुरुवातीपर्यंतची. त्यांचा अर्थ काय, यावर पुस्तकं लिहिली गेली आहेत आणि त्यातलं एकही दुसऱ्याशी जमत नाही. त्यातच वुडहाउस क्रॅगवरचा स्वस्तिकाचा दगड. आपली मंडळी तिथे हमखास जातात, पोरांना पुढे उभं करून फोटो काढतात. त्यांच्यासाठी एक सूचना: पुढे दिसणारी ठसठशीत आकृती ही नंतरच्या काळात केलेली नक्कल आहे. अस्सल आकृती मागच्या दगडावर आहे, झिजलेली, तिरप्या उन्हाशिवाय धड न दिसणारी. आपल्या कपाटातल्या कित्येक फोटोंत आपण नकलेला नमस्कार करताना दिसतो. मी तक्रार करत नाही. पण नवं कोरीव काम जुन्याच्या शेजारी ठेवलं की डोळा नव्याकडे जातो, याचं इतकं सोपं उदाहरण मला शोधून सापडलं नसतं.

अर्ज करणाऱ्यांच्या हातात एक हुकमी पान आहे आणि त्यांनी ते टाकलंही आहे. याच डोंगररांगेत अगदी अलीकडे कविता कोरल्या गेल्या. इल्कली साहित्य महोत्सवाच्या पुढाकाराने सायमन आर्मिटेज या कवीने सहा कविता लिहिल्या आणि पिप हॉल या अक्षरकार बाईंनी त्या दगडांवर कोरल्या. काम 2012 पर्यंत झालं. स्टॅन्झा स्टोन्स म्हणून ते प्रसिद्ध आहे. आर्मिटेजच्या मार्सडेन या गावापासून इल्कलीपर्यंत 47 मैलांची वाट, आणि वाटेवर पाण्याच्या सहा रूपांवरच्या सहा कविता: बर्फ, पाऊस, धुकं, दंव, डबकं आणि ओढा. आर्मिटेज पुढे 2019 मध्ये या देशाचा राजकवी झाला. मग त्यांना चालतं तर आम्हाला का नाही, असा हा सरळ प्रश्न आहे. त्याला सरळ उत्तर द्यायला हवं.

मी त्यातल्या चार जागी चालत गेलो आहे. उरलेल्या दोनांना आता गुडघे नाही म्हणतात. जाण्यापूर्वी मी विरोधात होतो, हे कबूल करतो. मूरवर अक्षरं हवीत कशाला, हेच माझं मत होतं. तिथे गेल्यावर मत बदललं, आणि बदललं ते कवितेमुळे नव्हे, तर जागेच्या निवडीमुळे. बर्फाची कविता पूल हिलवरच्या बंद पडलेल्या दगडखाणीच्या भिंतीवर आहे. पावसाची कविताही खाणीतच. म्हणजे जिथे माणसाने आधीच पहार घातली होती, डोंगराची कापलेली बाजू उघडी पडली होती, तिथेच अक्षरं आली. काही ठिकाणी पाथरी नव्याने आणून ठेवल्या. इल्कलीजवळच्या बॅकस्टोन बेकमधली कविता ओढ्याच्या अंगावरच आहे खरी, पण प्राचीन खळग्यांच्या एकाही दगडाला हात लावलेला नाही. जागा ठरवण्यात बराच काळ आणि बरीच बोलणी गेली असणार हे दगडाकडे पाहूनच कळतं. शिवाय कवी तिथला. त्याने मूरबद्दल लिहिलं नाही, मूरवर पडणाऱ्या पाण्याबद्दल लिहिलं, आणि ते पाणीच ती अक्षरं हळूहळू पुसणार आहे. हे त्याला माहीत आहे.

आता त्याच मूरच्या कडेला काऊ अँड काफ खडकांवर या. तिथे माथ्यावर व्हिक्टोरियन काळातल्या पर्यटकांनी आपापली नावं कोरून ठेवली आहेत. काय सुंदर अक्षरं! वळणदार, खोल, टोकांना नीट शेपट्या काढलेली. कुणीतरी दिवसभर छिन्नी घेऊन बसला असणार. आज आपण त्यांना वारसा म्हणून पाहतो. त्यांच्या शेजारी परवा कुणी किल्लीने ओरखडलेलं नाव दिसलं की मात्र आपण त्याला विद्रूपीकरण म्हणतो. शंभर वर्षं गेली की पोरकटपणाचा इतिहास होतो, असा कुणी निष्कर्ष काढला तर मी त्याला अडवू शकत नाही. फक्त अजिंठ्याला घेऊन जाईन.

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात, 28 एप्रिल 1819 या तारखेसह, जॉन स्मिथ या लष्करी अधिकाऱ्याने आपलं नाव खांबावर खरवडून ठेवलं. शिकारीला गेला होता, लेणं दिसलं. खांबावर चित्र होतं, त्या चित्रावरच त्याने नाव टाकलं. आज ते डोक्याच्या वर दिसतं, कारण तेव्हा आत कित्येक फूट राडारोडा साचला होता आणि तो त्यावर उभा होता. मला ही गोष्ट फार आवडते. आपण किती मोठ्या कचऱ्यावर उभे आहोत हे नाव कोरणाऱ्याला कळत नाही.

पण दहावं लेणं एवढ्यावर सोडू नका. ते इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचं. त्याच्या भिंतीवर त्या काळची चित्रं आहेत, आणि खांबांवर त्यानंतर सहासातशे वर्षांनी काढलेले बुद्ध आहेत. म्हणजे पाचव्या शतकातल्या चित्रकारांच्या दृष्टीने ते लेणं तेव्हाच 'प्राचीन' होतं, आणि तरी त्यांनी त्यात भर घातली. त्यांना कुणी थांबवलं असतं तर आपण गरीब झालो असतो. तेव्हा 'जुन्याला हात लावू नये' हा नियम जुन्या लोकांना ठाऊक नव्हता. तो आपला आहे, अगदी अलीकडचा. या देशात प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा पहिला कायदा 1882 चा, आपल्याकडे कर्झनच्या काळात 1904 चा. त्याआधी माणसं बिनधास्त भर घालत, बिनधास्त मोडतही. आणि प्रेमानेही नुकसान होतंच. एकोणिसाव्या शतकात अजिंठ्याची चित्रं नकलून घ्यायला मुंबईच्या कलाशाळेतले लोक गेले, त्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर वॉर्निश लावलं, ते पुढे पिवळं पडून बसलं. लंडनला आणलेल्या त्यांच्या कितीतरी नकला 1885 च्या आगीत जळाल्या.

मग स्मिथ आणि त्या पाचव्या शतकातल्या चित्रकारात फरक काय? मला तो कार्ल्याला सापडतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबाखांबावर नावं आहेत. कोरलेली, ठळक, सरळ नावं. त्यातले कितीतरी जण धेनुकाकटाचे यवन म्हणून स्वतःची ओळख देतात. यवन म्हणजे बाहेरून आलेले, परदेशी मुळाचे लोक. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापारासाठी मावळात येऊन राहिले, तिथल्या धर्मात मिसळले आणि खांब दान करून त्यावर तिथल्याच भाषेत, तिथल्याच लिपीत आपलं नाव घातलं. वाचकहो, तुमच्या-माझ्यासारखे स्थलांतरित! त्यांना कुणी उपरे म्हणून हिणवलं असेलही, पण खांबाने त्यांची नावं धरून ठेवली. त्यांनी खांब दिला आणि मग नाव लिहिलं. स्मिथने नाव लिहिलं आणि तो वाघामागे गेला.

इथे कुणी म्हणेल, सर, यवनांनी ब्राह्मी लिपी वापरली, ग्रीक नाही. मग आम्ही देवनागरीचा हट्ट का धरावा? मी तसं म्हणणार नाही. कारण या देशात डोंगरावर देवनागरी आहे, आणि ती शंभर वर्षांहून जुनी आहे.

ब्रायटनच्या उत्तरेला पॅचम गावावर साउथ डाउन्सच्या उतारावर एक छत्री आहे. तिला छत्रीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात जखमी झालेले हिंदी सैनिक ब्रायटनच्या रुग्णालयांत आणले जात. तिथे मरण पावलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांना त्या उतारावर नेऊन अग्नी देत. असे त्रेपन्न. पुढे त्या जागी मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या वास्तुकाराच्या आराखड्यावरून पांढऱ्या संगमरवराची घुमटी उभी राहिली आणि 1 फेब्रुवारी 1921 रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते तिचं अनावरण झालं. लेख इंग्रजीबरोबर आपल्याकडच्या भाषांतही आहे. दुसऱ्या महायुद्धात तो भाग लष्कराच्या सरावाखाली होता, तेव्हा तिला गोळ्यांचे घावही बसले. ज्यांना तिथे अग्नी दिला त्यांची नावं मात्र 2010 मध्ये, शेजारच्या वेगळ्या स्मारकावर, कोरली गेली. तिथे जायला गाडीरस्ता नाही, शेतातून चालत जावं लागतं. मेंढ्या चरत असतात. हिरव्या उतारावर ती पांढरी घुमटी पहिल्यांदा दिसते तेव्हा ती तिथे विसंगत आहे असं एक क्षणही वाटत नाही. ती दुसरीकडे कुठे असूच शकली नसती. चिता तिथेच रचल्या होत्या.

इल्कली मूरवर आपलं काय घडलं? आपण तिथे दर मे महिन्यात सहलीला जातो. एकदा पावसात आपली सगळी पुरणपोळी भिजली होती. अजून तरी एवढंच. हे थोडं आहे असं मी म्हणत नाही, माणसं याच आठवणींवर जगतात, पण शिळेवर छिन्नी चालवायला हे पुरतं का, हा विचार अर्ज करणाऱ्यांनी करावा.

आता कोकणाकडे येतो, कारण अर्जात त्याचाही दाखला आहे. 'आमच्याच पूर्वजांनी सड्यावर हत्ती कोरले, मग मूरवर ओळ कोरली तर बिघडलं काय?' बरोबर आहे, कोरले. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी गेल्या बारापंधरा वर्षांत सडे पायाखाली घालून हजाराहून जास्त कातळशिल्पं नोंदवली. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. काही ठिकाणी गेंडा आहे, जो आज कोकणात कुणी स्वप्नातही पाहणार नाही. काही अभ्यासक ही चित्रं दहा हजार वर्षांपलीकडे नेतात. 2022 मध्ये कोकण आणि गोव्यातल्या नऊ जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. उक्षीला गावकऱ्यांनी हत्तीभोवती जांभ्याची भिंत घालून घेतली, म्हणजे गुरं आणि गाड्या वरून जाणार नाहीत. देवाचे गोठणे इथे तर होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं, ती मौज मी माझ्या विद्यार्थ्यांना अनेक वर्षं सांगत आलो.

पण त्याच यादीतल्या बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्प यायचं घाटत होतं. एप्रिल 2023 मध्ये तिथे माती परीक्षण सुरू झालं तेव्हा बायाबापड्या रणरणत्या उन्हात कातळावर आडव्या झाल्या, ते आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिलं. प्रकल्प हवा की नको यावर आपल्यातच दोन मतं आहेत आणि आज मी त्यात शिरत नाही. मला एवढंच दाखवायचंय की आपल्याला मोकळा वाटणारा सडा कधीच मोकळा नसतो. कागदावर त्याला 'पडीक' म्हणतात. प्रत्यक्षात पावसाळ्यात त्यावर फुलं येतात, गुरं चरतात, पाणी जिरतं आणि खालच्या विहिरी भरतात. चिरेखाणवाल्याला तो रिकामा दिसतो, प्रकल्पवाल्याला रिकामा दिसतो, आणि, राग मानू नका, कलावंतालाही रिकामाच दिसतो. 'इथे काहीतरी हवं' असं तिघांनाही वाटतं. इल्कली मूर ब्रॅडफर्ड कौन्सिलच्या मालकीचा आहे, त्यावर जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत, कोरलेल्या शिळा कायद्याने संरक्षित आहेत आणि संमतीशिवाय त्यांना हात लावणं गुन्हा आहे. तो भरलेला आहे. आपल्याला त्याची भाषा वाचता येत नाही एवढंच.

कातळशिल्पं करणारी माणसं त्या सड्यावर जगत होती. त्यांच्या शिकारीचा प्राणी, त्यांचा देव, त्यांचं भय, जे काही असेल ते, तिथेच होतं. आपण रविवारी डबा घेऊन जातो. शिवाय ती माणसं मोजकी होती. आज एक सुंदर गोष्ट कुणी केली की पुढच्या महिन्यात तिच्या दोनशे नकला होतात. स्कायच्या फेअरी ग्लेनला गेलेल्यांनी पाहिलं असेल, पर्यटक दगड रचून चक्रं करतात आणि स्थानिक लोक ती मोडून दगड जागच्या जागी टाकतात. अँडी गोल्ड्सवर्दी दगड, पानं, बर्फ यांच्यातून अप्रतिम कामं करतो, मी त्याचा चाहता आहे. पण त्याची पुस्तकं पाहून प्रत्येक ओढ्यात दगडांच्या उतरंडी रचणाऱ्यांचा चाहता मी नाही. दगडाखाली किडे राहतात, त्या किड्यांवर मासे जगतात. दगड उचलला की घर मोडलं.

तात्पुरत्या कामाला मात्र माझा मनापासून कौल आहे. रिचर्ड लाँग नावाचा विद्यार्थी 1967 मध्ये विल्टशरमधल्या एका कुरणात एकाच रेषेत येरझाऱ्या घालत राहिला, गवत दबून रेघ दिसू लागली, त्याने तिचा फोटो काढला आणि घरी गेला. रेघ काही दिवसांत गेली असेल. फोटो आजही कलेच्या इतिहासात आहे. आपल्याला हे नवं नाही. अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर हळीव पेरणारं प्रत्येक मराठी पोर हेच करतं. रोज सकाळी काढून संध्याकाळपर्यंत पायाखाली जाणाऱ्या रांगोळीबद्दल तर बोलायलाच नको. 2007 मध्ये सर्न ॲबसच्या प्राचीन राक्षसाशेजारी एका सिनेमाच्या जाहिरातीसाठी हातात डोनट घेतलेला होमर सिम्प्सन रंगवला होता. रंग पावसाने धुऊन जाणारा होता, म्हणून मला त्याचा फारसा राग आला नाही. निसर्गपूजक मंडळींनी मात्र पाऊस लवकर यावा म्हणून मंत्रतंत्र केले म्हणे. इंग्लंडमध्ये पाऊस पाडण्यासाठी मंत्र, याला मी श्रद्धेचा कळस म्हणतो.

आणि अफिंग्टनचा पांढरा घोडा. सुमारे 110 मीटर लांब, तीन हजार वर्षांच्या आसपासचा. चर खणून त्यात खडू ठोकून भरलेला. हा घोडा टिकला तो दगडाच्या जोरावर नव्हे. खडूवर गवत चढतं, माती वाहून येते. थोड्या दशकांत तो दिसेनासा झाला असता. तीन हजार वर्षं, राज्यं बदलली, भाषा बदलल्या, धर्म बदलले, तरी दर पिढीतले लोक वर चढून त्याला घासूनपुसून नवा खडू भरत आले. आजही स्वयंसेवक गुडघे टेकून हातोडीने खडू ठोकतात. ज्यांनी तो काढला त्यांची भाषा यांना येत नाही, त्यांचा देव यांना माहीत नाही. तरी ठोकतात.

इथे मला आपल्या अर्जातली खरी अडचण दिसते, आणि ती पुरातत्त्वाची नाही. मूरवर देवनागरी ओळ कोरली तर तिथून जाणाऱ्या शंभरांतल्या नव्व्याण्णवांना ती वाचता येणार नाही. ते एक वेळ ठीक, वर्तुळं तरी कुणाला वाचता येतात? पण शनिवारच्या मराठी शाळेच्या हजेरीपटावर या वर्षी अकरा नावं आहेत. मी तिथे शिकवतो म्हणून मला आकडा ठाऊक आहे. त्यातल्या चौघांना जोडाक्षरं वाचता येतात. अर्ज लिहिणाऱ्या सहांपैकी दोघांनी मला प्रांजळपणे सांगितलं की ओळ ठरली की ती आम्हाला वाचून दाखवा. त्यांच्या नातवंडांसमोर ती ओळ स्वस्तिकाच्या दगडासारखीच उभी राहील: सुंदर, आपली, आणि मुकी. अफिंग्टनच्या घोड्याला गवत उपटणारे मिळाले. आपल्या ओळीतलं गवत कोण उपटणार?

हे मी त्यातल्या एका मुलीला बोललो. ती म्हणाली, "काका, वाचता येणारे संपण्याआधीच कोरायला हवं ना?" तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

तरी हात वर करायची वेळ येईल तेव्हा मी काय करणार ते सांगतो, म्हणजे सभेत आश्चर्य नको. मूरवरच्या मोकळ्या शिळेला, ती संरक्षित असो वा नसो, माझं मत नाही. पण त्या भागात मूरच्या कडेला गावांजवळ सोडून दिलेल्या दगडखाणी आहेत. अशा एखाद्या खाणीच्या कापलेल्या भिंतीवर, मालकाची आणि पुरातत्त्व अधिकाऱ्यांची संमती घेऊन, ओळ कोरायची असेल तर माझा हात वर असेल. दोन अटी. खर्चाची जेवढी रक्कम ठरेल तेवढीच आणखी एक रक्कम बाजूला ठेवून शनिवारच्या शाळेला द्यायची. आणि ओळ कुठल्या प्रसिद्ध ओवी-अभंगातून उचलायची नाही. ती इथे वाढलेल्या कुणीतरी, अडखळत का होईना, स्वतः लिहायची. व्याकरण मी तपासून देईन, पण त्यात इथली एखादी चूक राहिली असेल आणि ती गोड असेल तर मी ती तशीच सोडेन.

अर्ज करणाऱ्यांना हे थोडं बेचव वाटेल. खाणीची भिंत म्हणजे काही मूरचा माथा नव्हे, तिथून अख्खी व्हार्फ नदीची दरी दिसत नाही. पण पूल हिलच्या खाणीत एकदा जाऊन उभे राहा असं मी त्यांना सुचवलं आहे.

सभेआधी ज्यांना मूर स्वतः पाहायचा असेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. लीड्सहून इल्कलीला गाडीने अर्धा तास लागतो, आणि स्टेशनपासून चालतच चढता येतं. बूट चांगले घाला, थर्मास न्या. कोरलेले दगड पाहायचे तर भर दुपारी जाऊ नका, काहीच दिसणार नाही. सपाट उजेडात खळगे विझून जातात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सूर्य दिवसभर खाली असतो तेव्हा, किंवा सकाळी लवकर जा. दगडावर खडूने रेघा ओढून आकृती 'उठवू' नका, ब्रशने दगडफूल घासू नका. ही आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचीच भावंडं, त्यांना तिथे वाढायला माझ्या वयाहून जास्त वर्षं लागली असतील. पाऊस नुकताच पडून गेला असेल तर उत्तम. बॅजर स्टोनजवळ उकिडवे बसा आणि सूर्याच्या दिशेने पाहा. वाट्यांमध्ये पाणी साठलेलं असतं, आणि एकेका वाटीत आभाळाचा एकेक तुकडा दिसतो.